जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरची ठिणगी हरवली तर ती कुठे आणि कशी शोधायची

इंजिन सेल्फवर व्यवस्थित फिरतंय, टाकीत पेट्रोल आहे, पण पेट काही घेत नाही. माझा चार सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर सहा महिने शेडमध्ये उभा राहिल्यावर असाच अडून बसला. मी आधी प्लग बदलले. मग कॉइल, म्हणजे बॅटरीच्या विजेतून हजारो व्होल्ट उठवणारा भाग. मग पॉइंट, म्हणजे कॉइलची वीज जोडणारी-तोडणारी उघडमिट जोडी, आणि त्याआधी त्यांच्यात ठिणगी उडू न देणारा कंडेन्सर. दर वेळी नवा भाग लावायचा, आशेने सेल्फ मारायचा आणि बॅटरी उतरेपर्यंत मारत राहायचा, यात तीन रविवार गेले. शेवटी दोष सापडले ते दोन. जुन्या पॉइंटवर पातळ काळपट थर चढला होता, हा पहिला. नवे पॉइंट बसवताना नखाएवढा प्लॅस्टिकचा वॉशर माझ्या हातून चुकीच्या जागी लागला होता, हा दुसरा. कॉइल आणि कंडेन्सर दोन्ही धडधाकट होते, ते मी उगाच काढून ठेवले होते.

त्या अनुभवानंतर मी एकच शिस्त धरली आहे. बॅटरीतून निघालेली वीज प्लगच्या टोकापर्यंत जाताना नेमकी कुठवर पोचते ते आधी शोधायचं, आणि जिथे ती थांबते तिथलाच भाग उघडायचा. खालची सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे. साध्या टेस्ट लॅम्पने, म्हणजे वीज आली की लागणाऱ्या बल्बने, बरेच दोष लवकर सापडतात.

हा लेख प्लगवर चालणाऱ्या, म्हणजे पेट्रोल किंवा पेट्रोल-केरोसीन ट्रॅक्टरसाठी आहे. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. तिथे दाबलेल्या हवेच्या उष्णतेने डिझेल पेटतं. इंजिनवर जाड रबरी वायरी आणि प्लग दिसत नसतील, इंजेक्टर आणि लोखंडी नळ्या दिसत असतील, तर पुढचं काही तुमच्या कामाचं नाही.

१. हाताशी काय हवं

• टेस्ट लॅम्प: साध्या बल्बचा, तुमच्या बॅटरीच्या व्होल्टेजचा. एलईडीचा नको. अर्थ, म्हणजे ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेलं बॅटरीचं टोक, धन असो की ऋण, बल्बला चालतं, एलईडीला चालत नाही.
• मल्टीमीटर
• ठिणगी तपासायचा टेस्टर, ज्याची फट कमीजास्त करता येते
• फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), तेल पुसून स्वच्छ केलेला
• प्लगचा पाना, छोटे पाने, पेचकस
• पॉइंट घासायची बारीक कानस
• कॉन्टॅक्ट क्लीनर, कोरा जाड कागद, स्वच्छ फडकं
• चिकटपट्टी आणि पेन, वायरींवर आकडे टाकायला
• तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पॉइंटची फट, प्लगची फट, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) आणि टाइमिंगची (ठिणगी पडण्याच्या वेळेची) खूण हे चार आकडे मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्या ट्रॅक्टरवरून उसने घेऊ नका. फोर्ड ८एन हा १९४७ ते १९५२ या काळात बनलेला ट्रॅक्टर घ्या. त्याच्या इंजिनापुढे बसवलेल्या डिस्ट्रिब्युटरला (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाला) पॉइंटची फट १५ थाउ लागते, म्हणजे इंचाचे १५ हजारांश, आणि बाजूला बसवलेल्या नंतरच्या डिस्ट्रिब्युटरला २५ थाउ. एकाच मॉडेलमध्ये एवढा फरक! त्याची फायरिंग ऑर्डर १-२-४-३ आहे, तर फर्ग्युसन टीई-२० आणि फार्मॉल एच यांची १-३-४-२. ऐकीव आकड्यावर वायरी लावल्या तर इंजिन कार्ब्युरेटरमधून फटके देत राहील आणि तुम्ही भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसाल.

२. हात लावण्याआधी

गिअर न्यूट्रलमध्ये, ब्रेक ओढलेला, चाकांपुढे-मागे गुटके. इंजिन अचानक सुरू झालं तर ट्रॅक्टर जागचा हलता कामा नये. सैल बाही, गळ्यातलं काही, हातातलं कडं काढून ठेवा. पंखा तुमच्या कोपरापासून वीतभर अंतरावर फिरणार आहे.

ठिणगी तपासताना जवळ सांडलेलं पेट्रोल, उघडा कॅन किंवा कार्ब्युरेटरची गळती नको. प्लग काढलेल्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते, त्यामुळे टेस्टर त्या भोकापासून लांब धरा. जागा मोकळ्या हवेची हवी.

हँडल मारून इंजिन फिरवत असाल तर अंगठा बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलभोवती वळवू नका. आणि हँडल वर ओढा, खाली दाबू नका. टाइमिंग पुढे सरकलेलं असेल तर इंजिन उलटा झटका देतं, आणि त्यात मनगट मोडतं.

पहिली वायर काढण्याआधी चार बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक प्लग वायरवर सिलिंडरचा आकडा लिहा. पाच मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

३. दोष खरंच ठिणगीचा आहे का

अनेक वेळा सेल्फ मारून एक प्लग काढा. तो पेट्रोलने ओला असेल तर इंधन पोचतंय, ठिणगी नाही. अगदी कोरडा असेल तर आधी कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा बोल्ट सैल करून पेट्रोलची धार सलग येते का ते भांड्यात बघा. महिनोन्‌महिने उभ्या ट्रॅक्टरमध्ये टाकीची जाळी आणि जेट तुंबलेलं असतं.

इंजिन फिरताना बॅटरीचं व्होल्टेजही आत्ताच मोजून घ्या. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी उभ्या इंजिनावर १२.६ च्या आसपास दाखवते, ६ व्होल्टची ६.३. सेल्फ मारताना १२ व्होल्टची बॅटरी साडेनऊच्या खाली जात असेल तर सेल्फच सगळी वीज ओढून घेतो आणि कॉइलला उरत नाही. अशा ट्रॅक्टरची एक ओळखीची खूण आहे: सेल्फवर पेटत नाही, पण ढकलून किंवा हँडल मारून लगेच पेटतो. तिथे बॅटरी चार्ज करा, अर्थचा जाड पट्टा दोन्ही टोकांना घासून घट्ट करा. पट्टा जिथे बसतो तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करा. ६ व्होल्टच्या ट्रॅक्टरमध्ये याला दुप्पट महत्त्व आहे, कारण तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो आणि प्रत्येक गंजलेला जोड दुप्पट खातो.

४. यंत्रणा ओळखा

इंजिनाजवळ गोल डब्यासारखी कॉइल आणि तिच्यातून डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या मधोमध जाणारी जाड वायर दिसली तर ती बॅटरी-कॉइलची रचना. कॉइल वेगळी दिसत नाही आणि प्लगच्या वायरी थेट एका लोखंडी पेटीतून निघतात, तर तो मॅग्नेटो. मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. त्याच्यासाठी दहावा टप्पा आहे. एक अपवाद लक्षात ठेवा: फोर्ड ८एनच्या पुढच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये चौकोनी कॉइल थेट डिस्ट्रिब्युटरवरच बसलेली असते. मधली जाड वायर तिथे नसते.

बॅटरीचं कोणतं टोक ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलं आहे तेही बघा. त्या काळच्या कितीतरी ट्रॅक्टरांत धन टोक अर्थ होतं. बॅटरी बदलताना कुणीतरी सवयीने ऋण टोक अर्थ केलेलं असतं. कॉइल उलटी जोडलेली असली तरी इंजिन पेटतं, पण ठिणगी कमजोर पडते, आणि ओझं आलं की इंजिन मिसिंग करतं. नियम सोपा आहे: धन अर्थ असेल तर कॉइलचं धन चिन्ह डिस्ट्रिब्युटरकडे; ऋण अर्थ असेल तर ऋण चिन्ह डिस्ट्रिब्युटरकडे.

ही रचना चालते कशी, हे दोन वाक्यांत समजून घेतलं तर पुढचं सगळं आपोआप उलगडतं. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीची वीज स्विच, कॉइलचा जाड तारेचा वेढा आणि पॉइंट असा प्रवास करून अर्थला जाते आणि कॉइलमध्ये चुंबकत्व भरतं; कॅमने (डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरच्या उंचवट्याने) पॉइंट उघडले की ती वीज तुटते, चुंबकत्व कोसळतं आणि बारीक तारेच्या वेढ्यात हजारो व्होल्ट उठतात. म्हणजे ठिणगी पॉइंट उघडण्याच्या क्षणी पडते, मिटण्याच्या नाही. चार्ल्स केटरिंग यांनी घडवलेली ही रचना १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आली, आणि तुमच्या ट्रॅक्टरचं तत्त्व अजून तेच आहे.

५. पहिली फोड: ठिणगी कॉइलमधून निघते का

डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातून मधली जाड वायर उपसा. तिच्या टोकाला टेस्टर लावा, टेस्टरचा चिमटा इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर. टेस्टरची फट सुमारे ६ मिलिमीटर ठेवा. चावी चालू, सोबत्याला सेल्फ मारायला सांगा.

ठसठशीत निळसर ठिणगी, चटचट आवाज: कॉइल, कंडेन्सर, पॉइंट सगळं ठीक. दोष पुढे आहे, म्हणजे झाकण, रोटर (झाकणाखाली फिरून ठिणगी वाटणारा तुकडा), वायरी किंवा प्लग. थेट आठव्या टप्प्यावर जा.

पिवळट, बारीक, मधूनच तुटणारी: कमजोर. पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइलला कमी पोचणारं व्होल्टेज.

काहीच नाही: पुढचा टप्पा.

वायर हातात धरून ठिणगी बघायची जुनी सवय सोडा. झटका तर बसतोच, पण तुम्ही दचकून मागे हटता आणि हात पंख्यात जातो. आणि जाड वायर नुसती हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ कधीही मारू नका. त्या हजारो व्होल्टना बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ते कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढतात. तुमची चांगली कॉइल तपासणीतच मरते.

६. टेस्ट लॅम्पच्या तीन जोडण्या

हा टप्पा मला आधी माहीत असता तर ते तीन रविवार वाचले असते, म्हणून सावकाश सांगतो. लॅम्पचा चिमटा इंजिनाच्या अंगाला लावा. अर्थ धन असो की ऋण, बल्बला फरक पडत नाही.

पहिली जोडणी: चावी चालू, लॅम्पचं टोक कॉइलच्या स्विचकडच्या स्क्रूवर. बल्ब लागला पाहिजे. नाही लागला तर वीज कॉइलपर्यंतच येत नाही. मग मागे मागे जा: रेझिस्टर (काही रचनांत कॉइलचा करंट कमी ठेवणारा भाग), अँपिअर मीटर, स्विच, बॅटरी. ज्या जोडाच्या एका बाजूला बल्ब लागतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, तोच दोषी. जुन्या चावीच्या स्विचमध्ये हे फार घडतं. चावी जरा हलवली की बल्ब लुकलुकतो. रेझिस्टर असलेल्या रचनेत पॉइंट मिटलेले असताना इथे बल्ब मंद लागणं साहजिक आहे.

दुसरी जोडणी: लॅम्पचं टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या स्क्रूवर. आता सेल्फ मारा. बल्ब लागला-विझला, लागला-विझला असा लुकलुकला पाहिजे. पॉइंट उघडले की लागतो, मिटले की विझतो.

लुकलुकतोय? मग पॉइंट आपलं काम करताहेत. कंडेन्सर आणि कॉइलकडे वळा.

सतत लागलेलाच राहतोय? पॉइंट मिटत नाहीत, किंवा मिटूनही वीज सोडत नाहीत. त्यांच्यावर थर आहे, तेल आहे, फट फार मोठी आहे, किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली छोटी वायर तुटली आहे. ही छोटी वायर फसवी असते. वरचं आवरण शाबूत, आतली तार तुटलेली. हलकेच ओढून बघा. आवरण रबरासारखं ताणलं गेलं तर आत तार नाही. सहा महिने उभ्या राहिलेल्या माझ्या ट्रॅक्टरचा पहिला दोष याच गटातला होता.

अजिबात लागत नाही? मग तिसरी जोडणी करा. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक वायर कॉइलवरून सोडवा आणि लॅम्प पुन्हा त्याच स्क्रूवर लावा. आता बल्ब लागला तर कॉइल ठीक आहे, आणि डिस्ट्रिब्युटरच्या आत वीज कायमची अर्थला जाते आहे. तरीही नाही लागला तर कॉइलचा जाड वेढाच तुटलाय.

कायमचं अर्थ होण्याची कारणं मोजकी आहेत: पॉइंट उघडतच नाहीत, कंडेन्सर आतून चिकटलाय, छोटी वायर कुठेतरी घासून उघडी पडली आहे, किंवा इन्सुलेशनचे वॉशर चुकलेत. पॉइंटच्या हलत्या पट्टीची स्प्रिंग, कंडेन्सरची वायर आणि कॉइलकडून आलेली वायर ही तिन्ही एकमेकांना टेकली पाहिजेत, पण ज्या खुंटीवर ती बसतात त्या खुंटीला आणि तळपट्टीला अजिबात टेकता कामा नयेत. त्यासाठी खाली एक आणि वर एक इन्सुलेशनचा वॉशर असतो. माझा वरचा वॉशर वायरींच्या खाली गेला होता. नट घट्ट केला की वायरी थेट अर्थ. बाहेरून सगळं नवंकोरं आणि जागच्या जागी दिसायचं. जुने पॉइंट काढताना प्रत्येक वॉशर ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने फडक्यावर मांडून ठेवा आणि त्या मांडणीचा फोटो घ्या.

७. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल

पॉइंट. झाकण आणि रोटर काढा. पॉइंटचे दोन्ही तोंडवळे राखाडी आणि सपाट हवेत. काळा थर असेल तर बारीक कानशीने दोन-चार हात मारा, मग कॉन्टॅक्ट क्लीनर, मग कोरा जाड कागद मिटलेल्या पॉइंटमध्ये सरकवून ओढा. कागद स्वच्छ निघेपर्यंत. पॉलिश पेपर वापरू नका. त्याचे कण धातूत रुततात आणि पॉइंट पुन्हा लवकर जळतात. नव्या पॉइंटवरही साठवणीचं तेलकट आवरण असतं, तेही पुसावं लागतं. अगदी नवा पॉइंट लावून ठिणगी न येण्याचं हे फार साधं कारण आहे.

फट मोजताना पॉइंटची टाच, म्हणजे कॅमला टेकणारा भाग, कॅमच्या सर्वांत उंच जागी हवी. इंजिन हळूहळू हाताने फिरवत तिथे आणा. फिलर गेजची पट्टी हलकीशी अडखळत सरकली पाहिजे. स्क्रू घट्ट केल्यावर पुन्हा मोजा, कारण घट्ट करताना फट हमखास सरकते. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टाइमिंग पुढे जातं. फट कमी झाली की मागे पडतं. म्हणून आधी फट, मगच टाइमिंग. शेवटी कॅमवर किंचित ग्रीस लावा, फक्त बोटाच्या टोकाने. ग्रीस नसेल तर टाच झिजते आणि फट आपोआप मिटत जाते.

याच वेळी डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बाजूला ढकलून बघा. हाताला जाणवेल एवढा हलत असेल तर आतला बुश झिजलाय. मग फट प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते आणि तुम्ही कितीही वेळा मोजली तरी इंजिन एकसारखं चालत नाही. बुश बदलल्याशिवाय त्यावर इलाज नाही.

कंडेन्सर. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्येच ठिणगी उडू नये, करंट झटक्यात तुटावा, हे त्याचं काम. तो गेला की पॉइंटमध्ये लखलखाट दिसतो, पॉइंट पटकन काळे पडतात आणि प्लगवर पिवळी, मरतुकडी ठिणगी येते. त्याची किंमत साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड असते आणि बरेच मल्टीमीटर ती मोजतात. पण थंड कंडेन्सर बरोबर आकडा दाखवून गरम झाल्यावर दगा देऊ शकतो. खात्रीचा उपाय म्हणजे चालत्या इंजिनावर पारखलेला एक कंडेन्सर जवळ ठेवणे आणि तो लावून बघणे. नवा आहे म्हणून चांगलाच, असं इथे धरू नका. जुना मूळ कंडेन्सर चालत असेल तर तो टाकून देऊ नका.

कॉइल. दोन्ही वायरी सोडवून छोट्या दोन स्क्रूंमधला रोध मोजा. रेझिस्टरशिवाय चालणारी १२ व्होल्टची कॉइल ३ ते ४ ओहम दाखवते. बाहेरच्या रेझिस्टरसह चालणारी दीडच्या आसपास, आणि ६ व्होल्टचीही जवळपास तेवढीच. मधल्या खळग्यापासून छोट्या स्क्रूपर्यंत काही हजार ओहम येतात. आकडा अमर्याद आला तर वेढा तुटलाय.

रेझिस्टरवाली कॉइल रेझिस्टरशिवाय १२ व्होल्टवर जोडणं हा ६ वरून १२ व्होल्टवर नेलेल्या ट्रॅक्टरांतला नेहमीचा घोळ आहे. सुरुवातीला झकास ठिणगी मिळते. मग कॉइल हात लावू देणार नाही इतकी तापते आणि पॉइंट जळतात. आणखी एक सवय लावून घ्या: इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नका. पॉइंट मिटलेल्या जागी थांबले असतील तर ३ ओहमच्या कॉइलमधून ४ अँपिअर सतत वाहत राहतात आणि ती उष्णता जायला जागा नसते.

८. झाकण, रोटर, वायरी

कॉइलमधून चांगली ठिणगी निघते पण प्लगवर येत नाही, तेव्हा ती मधेच कुठेतरी पळवाट काढते आहे. झाकण आतून उजेडात तिरपं धरा. दोन टोकांच्या मधे पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती कार्बनची वाट. ठिणगी त्यावरून भलत्या सिलिंडरला किंवा अर्थला जाते. घासून ती जात नाही, झाकण बदला. मधली कार्बनची कांडी स्प्रिंगवर मोकळी हलते का बघा. झाकणात ओल असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. ओलसर हवेत सकाळी पेटत नाही आणि दुपारी पेटतो, तर शंका इथेच घ्या.

रोटरचा दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो सुटतो. मधली जाड वायर रोटरच्या पितळी पट्टीपासून ६ मिलिमीटरवर इन्सुलेटेड पकडीने धरा, चावी चालू करा आणि पॉइंट लाकडी काडीने उघड-मिट करा. रोटर चांगला असेल तर ठिणगी पडता कामा नये. पडली, तर ती रोटर फोडून शाफ्टमध्ये जाते आहे.

वायरींसाठी उत्तम चाचणी अंधारातली. इंजिन कसंबसं चालत असेल तर रात्री दिवे घालवून बघा. जिथे गळती आहे तिथे निळ्या रेघा दिसतात. नव्या वायरी घेताना तांब्याच्या तारेच्याच घ्या.

९. प्लग आणि टाइमिंग

प्लगचं टोक इंजिनाची हकिगत सांगतं. कोरडी काळी काजळी: मिश्रण जाड किंवा ठिणगी कमजोर. ओलं, चिकट तेल: सिलिंडरमध्ये तेल चढतंय. पांढरंफटक, फोड आलेलं: मिश्रण पातळ, टाइमिंग पुढे किंवा प्लग फार उष्ण प्रकारचा. फिकट तपकिरी: सगळं ठीक. फक्त एकच प्लग काळा असेल तर त्याची वायर शेजारच्याशी अदलाबदल न करता नवी लावून बघा.

फट मॅन्युअलप्रमाणे, बहुतेक ठिकाणी ०.६ ते ०.८ मिलिमीटर. बाहेरचं टोक वाकवा, मधल्याला धक्का लावू नका.

टाइमिंगसाठी आधी एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन हाताने फिरवा. अंगठ्याला हवेचा जोर लागला की पिस्टन दाबाच्या फेरीत वर येतोय. मग फ्लायव्हील किंवा पुलीवरची टाइमिंगची खूण जुळवा. या वेळी रोटरचं तोंड एक नंबरच्या वायरीकडे हवं. ते बरोबर विरुद्ध बाजूला असेल तर डिस्ट्रिब्युटर अर्ध्या फेऱ्याने चुकीचा बसलाय. खूण जुळली पण अंगठ्याला जोर लागला नाही, तर तुम्ही चुकीच्या फेरीत आहात. आणखी एक पूर्ण फेरा द्या.

आता लॅम्प कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या स्क्रूवर लावा, चावी चालू करा, डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करा. रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेला डिस्ट्रिब्युटर फिरवा, बल्ब विझेल. मग उलट दिशेला अगदी हळू फिरवा आणि बल्ब लागतो त्या क्षणी थांबा. क्लॅम्प घट्ट. फोर्ड ८एनच्या पुढच्या डिस्ट्रिब्युटरला हे लागू नाही. तो एकाच पद्धतीने बसतो आणि त्याचं टाइमिंग काढून टेबलावर लावतात.

मग रोटर फिरतो त्या दिशेने पुढच्या वायरी फायरिंग ऑर्डरप्रमाणे लावा. रोटर कोणत्या दिशेने फिरतो हे स्वतः बघा, गृहीत धरू नका.

१०. मॅग्नेटो असेल तर

आधी मॅग्नेटोवरून स्विचकडे जाणारी, इंजिन बंद करणारी वायर सोडवा. मॅग्नेटोत स्विच बंद करणं म्हणजे वीज अर्थला देणं; ती वायर कुठे घासून अंगाला टेकली असेल तर इंजिन कायम बंदच राहतं. वायर सोडल्यावर ठिणगी आली तर मॅग्नेटोला हात लावू नका, वायर बदला. पण लक्षात ठेवा, आता हे इंजिन स्विचने बंद होणार नाही.

हँडलने सावकाश फिरवताना मॅग्नेटोतून टक्क असा खटका ऐकू यायला हवा. तो इम्पल्स कपलिंगचा. स्प्रिंगने मॅग्नेटोला क्षणभर अडवून मग झटक्यात सोडायचं, म्हणजे संथ गतीलाही जोरकस ठिणगी मिळते आणि तीही थोडी उशिरा, हे त्याचं काम. खटका नसेल तर आतल्या पंजांना जुन्या तेलाचा चिकटा धरलेला असतो. बऱ्याचदा केरोसीनने धुतल्यावर तो मोकळा होतो.

पॉइंट आणि कंडेन्सर मॅग्नेटोतही असतात आणि सातव्या टप्प्यातलं सगळं लागू पडतं. फट मात्र वेगळी. फार्मॉलच्या एच-४ मॅग्नेटोला १३ थाउ लागते. वायरी उघड्या ठेवून मॅग्नेटो फिरवू नका, कॉइलला तोच धोका इथेही आहे. सगळं ठीक असूनही ठिणगी कमजोर असेल तर चुंबक उतरलेलं असू शकतं. त्याला परत चुंबकत्व भरण्याचं यंत्र लागतं, ते काम जाणकाराकडे द्या.

११. थंडा असताना चालतो, तापल्यावर बंद पडतो

हा दोष माणसाला सगळ्यात जास्त थकवतो, कारण तपासायला बसेपर्यंत इंजिन थंड होऊन पुन्हा पेटतं. टेस्टर आणि लॅम्प आधीच जोडून, हाताशी ठेवून ट्रॅक्टर चालवा. बंद पडताक्षणी पाचवा आणि सहावा टप्पा करा, एका मिनिटात. ठिणगी गेली आहे पण लॅम्प लुकलुकतोय: कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन सुटतोय. आधी पारखलेला कंडेन्सर लावून बघा, मग कॉइल. लॅम्पच लागत नाही: स्विच किंवा जोड तापून सुटतोय. ठिणगी उत्तम आहे: मग पेट्रोलची वाफ होऊन नळी अडली आहे किंवा टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बंद आहे. झाकण सैल करा आणि पेटवून बघा.

दुरुस्तीनंतर नुसतं जागेवर चालवून समाधान मानू नका. वीस-पंचवीस मिनिटं ओझं देऊन चालवा, ओझ्यातच इंजिन बंद करा, आणि थंड झाल्यावर चारही प्लग काढून शेजारी-शेजारी मांडा. चौघांचा रंग एकसारखा फिकट तपकिरी असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावर बाहेरून चिकटपट्टी लावून त्यावर तारीख आणि पॉइंटची फट लिहा.